एका परातीतले दोन कुत्रे

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो कुत्र्यांवरून आहे असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. तेव्हाही हसलाच होतात.

मी नववीत होते. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून करडीला आले, तेव्हा धानकापणी चालू होती. अंगणात दोन कुत्रे, दोन्ही नर. काळा म्हातारा तुमचा, खळ्यावर राखणीला असणारा. तांबडा माझा, वरठीच्या स्टेशनवर सापडलेलं पिल्लू मी फ्रॉकच्या ओच्यात आणलं होतं. आता तो दीड वर्षाचा होऊन अंगानं भरला होता. तुम्ही आणि काका एका ताटात जेवायचात. घर फुटलेलं नाही याची ती खूण, गावात तिचं केवढं कौतुक! मग कुत्र्यांनाही तुम्ही एकाच परातीत भात वाढायचात. म्हातारा गुरगुरला की बैल हाकायची टोकदार काठी, तुतारी, त्याच्या पाठीत. एकदा मी दोन भांडी घेतली आणि एक गोठ्याकडे नेलं.

“काहून वेगळं वाढून राहिली, बाई? एका घरचे होत ना ते!”

“भांडतील, बाबा.”

“भांडतीन तं निपटून घेतीन. तुमच्या सिस्टरबाया कुत्र्यायले काटे-चमचे देतेत काय?”

काका ठसका लागेपर्यंत हसले. आई चुलीजवळून म्हणाली, “पोरगी सांगते तं आयका जरा.” तुम्ही ऐकलं नाहीत.

मार खाऊन खाऊन म्हाताऱ्याचं गुरगुरणं बंद झालं. तुम्हाला वाटलं, सुधारला. अहो, गुरगुरून तो ‘लांब राहा’ एवढंच सांगत होता. तेही तुम्ही काढून घेतलंत, मग त्याच्याजवळ उरले फक्त दात. त्यानंतर चौथ्या दिवशी परात खाली ठेवताच तो आवाज न करता तांबड्यावर तुटून पडतो. मी वेड्यासारखी मधे हात घालते. आई बादलीभर पाणी ओतते तेव्हा ते सुटतात, आणि माझं मनगट रक्तानं भरलेलं असतं. “कोणता चावला?” तुम्ही ओरडता. त्याच दुपारी तुम्ही म्हाताऱ्याला धानाच्या ट्रकमध्ये घालून कारध्याजवळ सोडून आलात. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. कुत्रा हाती नाही, म्हणून भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी माझ्या पोटात चौदाच्या चौदा इंजेक्शनं दिली.

आज माझ्या घरी दोन नर आहेत. जेवण वेगळ्या खोल्यांत, मधलं दार लावून. गुरगुरले तर मी मारत नाही, वेगळं करते. जुंपलीच तर तोंडाशी हात नेत नाही. दोन माणसांनी दोन कुत्र्यांचे मागचे पाय धरून मागे ओढायचं. दोन्ही कुत्र्यांना खच्ची करून घेतलंय. गोऱ्हा कधी खच्ची करावा हे तुम्हाला पंचक्रोशीतले लोक विचारायला येत, आणि दारातल्या कुत्र्यांचं तुम्हाला एवढं कळू नये?

आठ-नऊ वर्षं त्या म्हाताऱ्यानं तुमचं खळं राखलं होतं, बाबा. परका गाव, तिथले कुत्रे त्याला उभं तरी राहू देणार होते का?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. पोरगी इंजेक्शन घेताना रडली नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. कशी रडणार? तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं होतं. मला चावला होता तांबडा.