टाकी रिकामी का होती

कुसुमहाटी, शहाजादपूरच्या पुढे
पौषातला दुसरा शुक्रवार

चिरंजीव एकराम यास नानीचा भरभरून दुवा.

तुला एक नानी आहे हे तुझ्या लक्षात असेल असं धरून चालण्यात अर्थ नाही, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझ्या आईची आई. बुटकी, डाव्या बाजूला तीन दात शिल्लक असलेली, तुला सात वर्षांचा होईपर्यंत सांभाळलेली. गेल्या ईदला तू इथे छत्री विसरलास, त्याच्या आधीच्या ईदला मफलर आणि त्याच्याही आधी एक बूट (एकच बूट विसरून माणूस ढाक्याला कसा पोचतो, यावर गावात अजून विचार चालू आहे). वस्तू सगळ्या जपून ठेवल्या आहेत. विसरलेली माणसंही इथेच आहेत. तुझं पित्त कसं आहे? हापिसात उभ्या उभ्या जेवतोस असं तुझी आई म्हणाली. बसून जेव. खुर्च्या मोठ्या आहेत ना तुमच्याकडे? माझं म्हणशील तर गुडघा आहे तिथेच आहे आणि डोळ्यांना धुकं आहे, पण पौषात ते सगळ्यांनाच असतं, म्हणून मी तक्रार करत नाही.

मी सांगते आहे आणि तुझी मर्जिना मामी लिहिते आहे. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं तिने कबूल केलंय, फक्त खोटं लिहिणार नाही म्हणते. त्यामुळे पत्र जरा आखूड होईल.

कामाचं एवढंच की आमची दुधाची टाकी नेऊ नका. आता सविस्तर.

तुझ्या कंपनीची माहिती तुला द्यायची गरज नसावी, पण तुझी विसरायची खोड बघता देऊन ठेवते. तुमचे मोठे साहेब, माहताब खोंदकार, यांच्या सुताच्या गिरण्या आहेत. साठी उलटल्यावर त्यांच्या मनात आलं की धंदा असा काढावा ज्यातून मालकाने काही घरी न्यायचं नाही, जे मिळेल ते पुन्हा गावांच्याच कामाला लावायचं. (आमच्याकडे ज्याला असं वाटतं तो मशीद बांधतो. यांनी कंपनी बांधली. अल्लाला दोन्ही समजत असेल.) मग परदेशातल्या भल्या श्रीमंतांनीही त्यात भर घातली आणि चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेमागच्या खोलीत दूध थंड ठेवणारी टाकी आली. त्याआधी दुपारचं दूध जब्बार बेपारी न्यायचा. तो भांड्यात बोट बुडवायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "चाची, हे तर फुटायला आलंय." चैत्राच्या उन्हात त्याच्याशी वाद घालेपर्यंत ते खरोखरच फुटायचं, आणि मग तो म्हणेल त्या भावाने द्यायचं. टाकी आल्यापासून दूध वाट बघू शकतं. दूध वाट बघू लागल्यापासून जब्बार सलाम आधी करू लागलाय.

टाकीची किल्ली मर्जिनाकडे. माझा रोशन, तुझा मामा, गेला तेव्हा तिचा भाऊ तिला उल्लापाड्याला न्यायला आला होता. ती गेली असती तर भावजयीच्या घरी भांडी घासत राहिली असती. किल्ली पदराला बांधली आणि राहिली. सकाळ-दुपार ती दारात काचेची नळी घेऊन बसते, नळी दुधात सोडते, आकडा वाचते आणि पाणी असलं तर भांडं परत करते. नाव बघत नाही, नातं बघत नाही. माझ्या लाल गाईचं दूधही तिने दोनदा परत केलं, रांगेतल्या सगळ्यांसमोर. मी म्हटलं, "अगं, मी तुझी सासू." ती म्हणाली, "हो अम्मा, पण नळीची नाही." तेव्हापासून जब्बारसुद्धा तिला मॅडम म्हणतो.

आता त्या दिवसाचं. निरोप आला की मोठे साहेब स्वतः येणार, सोबत पैसे घातलेल्या हॉलंडच्या बाई आणि प्रश्न विचारायला एक काडीसारखा साहेब. बघायला काय येणार, तर टाकीने गावाचं किती भलं झालं आणि अजून किती व्हायचं बाकी आहे. (तूही येणार होतास. पित्त झालं म्हणून आला नाहीस. उभं राहून जेवण्याचे परिणाम.) निरोप नीट होता, पण गावाने त्यातला एकच शब्द ऐकला, तो म्हणजे पाहुणे.

तू विसरला असशील, पण इथे पाहुण्याला घरातलं कमी-जास्त दिसलं तर त्या घराने गावात तोंड दाखवायचं नसतं. पहिल्या घरच्या सालेहाकडे चांगली चादर नव्हती, म्हणून तुझ्या आईने पाठवलेली कमळांची गुलाबी चादर मी तिला दिली. मग कळलं की शेजारच्या जुलेखाकडेही नाही, आणि तिच्या पलीकडे तर खाटच उसनी आहे. तेव्हा असं ठरलं की पाहुणे एका घरातून निघाले की त्यांना तळ्याच्या लांबच्या वाटेने फिरवायचं आणि तेवढ्यात चादर कुंपणावरून पुढच्या घरी टाकायची. तीन घरं व्यवस्थित पार पडली. चौथ्या घरी हॉलंडच्या बाई चादरीवर बसल्या आणि उठेनात, त्यांना खाट आवडली. पाचव्या घरची मंडळी मागच्या दाराशी चादरीची वाट बघत उभी होती. शेवटी त्यांनी पाहुण्यांना अंगणातच बसवलं आणि ऊन अंगाला चांगलं असतं असं सांगितलं.

काडीसाहेब प्रत्येक घरी तेच विचारायचा. सालेहाला विचारलं, "आठवड्यातून किती दिवस मासे खाता?"

सालेहा म्हणाली, "कधी खात नाही ते विचारा."

(तिच्या घरात मासा शेवटचा आला तो पुराच्या पाण्याबरोबर, आपल्या पायांनी.)

"घरात कशाची कमतरता?"

"अल्लाच्या कृपेने कसलीच नाही. तुम्हीच बाबा वाळलेले दिसता. आई नाही का तुम्हाला? बसा, जेवून घ्या."

अशी अकरा घरं झाली. मला विचारलं तेव्हा मीही सांगितलं की दवाखाना लांब आहे खरा, पण आम्ही आजारी पडत नाही. आता तूच सांग, माणूस हॉलंडहून आलाय, त्याच्यासमोर गुडघा काढून बसायचं का?

आणि जेवण. खजुराच्या नव्या गुळाची खीर, दुधात भिजवलेले तांदळाचे पिठे, फोडलेल्या दुधाच्या छान्याचे लाडू, वर घट्ट दही. प्रत्येक घरी. मोठ्या साहेबांनी खीर तीन वाट्या खाल्ली आणि डोळे मिटून म्हणाले, "अशी खीर मी आईनंतर खाल्ली नाही." मग हात धुतले आणि म्हणाले, "चला, आता टाकी दाखवा."

मर्जिनाने किल्लीने दार उघडलं आणि टाकीचं झाकण उचललं. हॉलंडच्या बाईंनी वाकून आत बघितलं आणि काही बोलल्या. त्यांचा आवाज आतून परत आला.

टाकीत थेंब नव्हता. सगळ्या गावाचं दूध पाहुण्यांच्या पोटात होतं, पण पाहुण्यांसमोर हे कोण सांगणार? खाल्लेलं काढून दाखवणं झालं ते. मर्जिना सकाळपासून दारात नळी धरून बसली होती आणि एकही भांडं आलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "साहेब, उद्या या." साहेब म्हणाले, "उद्या आमचं विमान आहे."

नंतर तुमच्या कंपनीचं पत्र आलं. मर्जिनाने ते मला वाचून दाखवलं. आवाज न बदलता वाचलं, म्हणून मी दोनदा वाचायला लावलं. त्यात लिहिलंय की कुसुमहाटीत राहणीमान उत्तम आणि सर्व घरांत समान आहे (चादर). आहार समृद्ध आहे. गरज आढळली नाही. केंद्रात दूध आढळलं नाही. केंद्रप्रमुखांनी (मर्जिना) त्या दिवशी दूध आणू नका असा निरोप गावाला दिल्याचं चौकशीत कळलं, त्यामुळे त्यांच्या जबाबदारीबद्दल शंका आहे. म्हणून टाकी माघात उचलून जास्त गरजू गावाला द्यावी. खाली सहीची जागा मोकळी आहे आणि तिथे तुझं नाव छापलंय.

मर्जिनाने तसा निरोप कुणालाच दिला नव्हता. आदल्या दुपारी कुणीतरी बाई तिच्या नावाने घरोघर सांगून गेली, की मर्जिनाने सांगितलंय, उद्या दूध टाकीत नको, पाहुण्यांच्या खिरीला ठेवा. कोण ते तिने पुष्कळ विचारलं. गावात कुणी नाव घेत नाही. असेल कुणी वयाने डोकं चळलेली, मी काय सांगू.

जब्बार काल येऊन माझ्या तब्येतीची चौकशी करून गेला. यावरून काय ते समज. मर्जिनाच्या भावाचंही पत्र आलंय की माघात न्यायला येतो. ती नळी रोज तीनदा धुते आहे.

तर तू सही करू नकोस. मोठ्या साहेबांना माझा सलाम सांग, भला माणूस आहे, भूक चांगली आहे. बाकी सर्व कुशल.

तुझी नानी, सकिना बेवा
(अंगठा माझा. शाई मर्जिनाची.)

ता. क. लाल गाईच्या दुधात पाणी होतं. दोन्ही वेळा. नळीचं बरोबर होतं. हे यासाठी लिहायला लावते की, जी बाई सासूला सोडत नाही तिच्या जबाबदारीबद्दल तुमच्या कंपनीला शंका असेल, तर कंपनीने आधी आपली नळी तपासावी.

ता. क. दुसरा. निरोप देत फिरणारी बाई मी होते. मोठ्या साहेबांसमोर कोरी वाटी जाऊ नये एवढंच डोक्यात होतं. माझ्या नावाने सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, माझ्या दुधाला गावात आता किंमत नाही, म्हणून तिचं नाव सांगितलं. गावाने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून तोंड बंद ठेवलं. तुमच्या कागदावर तिचं नाव खोडून तिथे माझं लिही. (मर्जिनाचं पेन थांबलंय. लिही गं. नंतर भांड.)

(तिने लिहिलं. भांडली नाही. हे मला जड जातंय.)

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. तू स्वतः ये, न कळवता. कळवलंस तर बायका पुन्हा खीर करतील, आणि त्यांना अडवायचं सोडून मीच गुळाची चौकशी करेन. सकाळी रांग लागते तेव्हा दाराशी येऊन उभा राहा आणि झाकण उघडून बघ. मग सालेहाच्या खाटेवर बस, चादरीशिवाय. आपल्या घरी तुला चहा मिळेल, पण कोरा. दूध टाकीत गेलेलं असेल. या उंबऱ्यावरून पाहुणा कोऱ्या चहावर गेला असं माझ्या हयातीत झालेलं नाही, तेव्हा तू चव घेऊन तोंड वाकडं करू नकोस आणि गावात बोलू नकोस. कोऱ्या चहात बुडवायला जुन्या ढाक्यातली बाकरखानी रोटी घेऊन ये, बिनतिळाची, माझ्या तीन दातांना झेपेल अशी, आणि एक पुडा मर्जिनाच्या नावाने वेगळा बांधून आण.