पाचवा काका आणि अस्वल

रविवार, ता. ९ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, तुम्हीही असाल. तुझ्या चष्म्याच्या दुकानातल्या कारागिराने पुस्तक आणि तुझी चिठ्ठी काल ग्रंथालयात आणून दिली.

चिठ्ठी चार ओळींची, आणि चारही ओळी तापलेल्या. 'ताई, अकरा वर्षांच्या मुलीला असलं पुस्तक कोणी दिलं? तूच वाच आणि तूच सांग, तिच्या वयाला हे झेपतं का.' दिलं मीच, हे तुला पक्कं ठाऊक आहे, तरी विचारतेस. भांडण काढायची तुझी पद्धत लहानपणापासून हीच. कबूल करते की न वाचता दिलं. फाटकं म्हणून शिवायला आलं होतं, वर गमतीदार चित्र होतं, दिलं हातात.

काल वाचलं. खळीचा डबा बाजूला सारून एका बैठकीत. नऊ काका, नऊ प्रकरणं, आणि दर प्रकरणात एक काका आपल्याच हट्टापायी मरतो. एक जण शिडीवरून कसं पडायचं नाही ते दाखवायला शिडीवर चढतो. एक जण स्वतःच्या अंत्ययात्रेची तालीम घेतो आणि उशिरा आलेल्यांवर खेकसतो. मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी घाबरून पाणी आणून दिलं. त्यात कुठे क्रूरपणा नाही. कोणाच्या दुःखाला नावं ठेवलेली नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीने खुशाल वाचावं.

पण तू भडकलीस ती त्यात सापडलेल्या कागदामुळे. 'मावशी कशी मरेल' असा मथळा आणि खाली आपल्या खारीच्या अक्षरात सात प्रकार. (पेन्सिली कुरतडणं अजून चालू आहे ना तिचं? कागदाला दातांच्या खुणा आहेत.) पहिला, पुस्तकांचं कपाट अंगावर पडून. दुसरा, बोलता बोलता स्वतःचीच बोटं पुस्तकात शिवून. चौथा, खोटं खोटं हसताना उचकी लागून. सातव्यापुढे एकच शब्द, अस्वल. अस्वल कुठून आलं म्हणून तू विचारलंस, तर ती रडायला लागली आणि अजून काही बोलत नाही, असं तू लिहितेस.

अस्वल पाचव्या प्रकरणातलं आहे. इतकी वर्षं पुस्तकं शिवून मला एक कळतं. पुस्तक कण्यावर उभं धरून सोडलं की जिथे सगळ्यांत जास्त वेळा उघडलं गेलंय तिथेच ते उघडतं. मी तीनदा सोडलं. तिन्ही वेळा पाचवा काका. त्याला अस्वल गिळतंय, कमरेपर्यंत आत गेलाय, आणि घरातली माणसं काय झालं म्हणून विचारतात तर म्हणतो, 'काही नाही हो, जरा दमलोय.' त्या पानाचा कोपरा बोटांनी पार काळा झालाय.

इथवर लिहून मी उठले, दोन पुस्तकांना पुठ्ठे चिकटवले, आणि परत बसले. फोनवर बोलले असते तर विषय बदलला असता, म्हणून लिहितेय.

कालचा सोडला तर दर शनिवारी तू दुकानात असतेस आणि खार माझ्याकडे. आम्ही ग्रंथालयात असतो असं तुला सांगतो. त्यातले पाच शनिवार आम्ही इस्पितळात होतो. माझ्या छातीत गाठ आहे. कॅन्सर आहे. लिहिला एकदाचा शब्द.

पहिल्यांदा दहा मिनिटांचं काम म्हणून तिला सोबत नेलं, वेळ घालवायला हे पुस्तक दिलं. पुढच्या वेळी ती बाहेर बाकावर वाचत होती, दार उघडं, आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज मोठा. तिने सगळं ऐकलं. मी तिला शपथ घातली, आईला सांगायचं नाही.

"आणि आईने विचारलं तर?"

"काही नाही म्हणायचं."

"म्हणजे पाचव्या काकासारखं?"

कोण काका, काय काका, मला काय माहीत! "हो गं, अगदी तसंच," म्हणून मी तिला गप्प केलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. पुस्तक तिला झेपलं. गुपित झेपलं नाही. तेही मीच दिलं होतं, आणि त्याची मी तुझी माफी मागते, तिचीही मागणार आहे.

तुला का नाही सांगितलं? तू रडशील, हातपाय गाळून बसशील, अशी कारणं मी मनाशी देत राहिले. खरं सांगायचं तर तू मला अजून फ्रॉकमधलीच वाटतेस. बेचाळीस वर्षांच्या बाईला हे झेपेल की नाही, ते परस्पर मीच ठरवून मोकळी झाले.

वीस तारखेला, गुरुवारी ऑपरेशन आहे. वेळेत सापडलं असं डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि ती बाई उगाच धीर देणाऱ्यांतली नाही. तरी मला भीती वाटते गं. फार वाटते. दुकान दोन दिवस बंद ठेव आणि ये. खारीलाही आण. मावशीची शपथ सुटली, आता वाटेल तेवढं बोल, असं तिला आजच सांग.

पुस्तक शिवून परत पाठवतेय. पाचव्या प्रकरणापाशी कणा मोडला होता, तिथे दोन टाके जास्त घातलेत. कागदही आत आहे. आठवा प्रकार मी भरलाय, 'खूप म्हातारी होऊन, कंटाळून.' तुम्हा दोघींना पटला नाही तर खोडा, पण माझ्यासमोर.

कमरेपर्यंत आत गेलेली, पण हाक मारायला अजून तोंड बाहेर असलेली,
तुझी ताई