हळदीतला डबल फ्यूज

प्रितम,

आईचा हात भाजलाय. तिला घेऊन कल्याणला डॉक्टरकडे चाललेय. तू अंगावरच्या हळदीसकट घोरतोयस, म्हणून हे मीटरच्या पेटीवर चिकटवलंय. लाइट का गेली बघायला इथेच येशील. मेन स्विच मी पाडलाय. वायरमन येईपर्यंत दोन्ही फ्यूज माझ्या पर्समध्ये राहतील.

काल डीजेमुळे दोनदा फ्यूज उडाला, तर तू त्याच्या बाजूला दुसरा जोडलास आणि पोरांच्या टाळ्या घेतल्यास. अरे शहाण्या, दोन फ्यूज बाजूबाजूला लावले की लोड दोघांत वाटला जातो, मग एकही उडत नाही. भिंतीतली वायर मात्र तीच, बाबांच्या वेळची! ती तापली आणि आईच्या पलंगामागचा बोर्ड पेटला. तिने गोधडी दाबून विझवला. सकाळी तिला चहाचा कप धरता येईना, तेव्हा मला कळलं.

जळका वास तिला आधीपासून येत होता. "ओरडली का नाहीस?" विचारलं, तर म्हणते, "पोरगा नाचत होता गं माझा."

दर्शनाताई