दाराला बांधलेली ओढणी

६ जानेवारी, सोमवार
आज मनालला उचललं. पाच वर्षांची. तिची आई रहिमा पहाटे मासळी घ्यायला जेटीवर जाते, बाप बोटीवर. जाताना ओढणीचं एक टोक पोरीच्या कमरेला, दुसरं दाराच्या खांबाला. कुणीतरी व्हिडिओ काढून आमच्या बालसंरक्षण कक्षाच्या हेल्पलाइनला पाठवला.
बालगृहापर्यंत ती माझ्याच मांडीवर होती. रहिमा रडली नाही. म्हणाली, "दारात खाडी हाय गो बाय. सुटी ठेवून जाऊ काय?"
मी नोकरीत नवीन, चुकीचं बोलायची सारखी धास्ती.
मलाही आई बांधायची — जाळ्याच्या जुन्या दोरीने. ऑफिसात कुणाला माहीत नाही.

८ जानेवारी
दुसरी तक्रार. टेकडीवरचा बंगला. शुभंकर, तोही पाचाचा. कामवाली आली नाही म्हणून आईवडील बाहेरून कुलूप लावून दवाखान्यात गेलेले — दोघं डॉक्टर. पोरगा खिडकीत रडत होता, शेजाऱ्यांनी फोन केला.
आमच्या वरिष्ठ राजश्री मॅडम सोबत होत्या. चहा झाला, आंबावडी झाली. त्याच्या आईने मोबाइलवर घरातला कॅमेरा दाखवला. "आमचं सतत लक्ष असतं."
बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "समज दिली, झालं. शिकलेली माणसं आहेत."
"मग मनाल?"
"ते वेगळं, दमयंती."
काय वेगळं? कॅमेऱ्यात पोर पडताना दिसतं. ओढणी पडू देत नाही! हे मला बसमध्ये सुचलं. नेहमीसारखं उशिरा.

१० जानेवारी
दोन्ही घरांचे अहवाल दिले. दोन्हींत एकच वाक्य — 'पालक कामावर असताना मूल एकटे होते. पालकांनी ऐपतीप्रमाणे सोय केली होती.'
मॅडम म्हणाल्या, रहिमाच्या अहवालात 'निष्काळजीपणा' घाल. मी म्हटलं, मग दोन्हींत घालते.
"मार्चमध्ये तुझं कंत्राट संपतं ना गं?"
"हो."
  वाक्य तसंच ठेवलं. मंगळवारी बालकल्याण समितीपुढे सुनावणी, मनालला घरी पाठवायचं की नाही याची.

११ जानेवारी
 कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, महिन्याचा पगार आणणारीही पहिली. तरी वाक्य बदलणार नाही.

१२ जानेवारी, रविवार
बालगृहात गेले. मनालने माझी ओढणी ओढून स्वतःच्या कमरेला गुंडाळली. म्हणाली, "आता तू जा." बांधलं की अम्मी परत येते, एवढं तिला पक्कं ठाऊक.

१३ जानेवारी
आई बांगडे साफ करत होती. सगळं सांगितलं. मग विचारलं — जरा रागानेच — मला का बांधायचीस?
सुरी थांबली नाही. "बाळाला नव्हतं बांधलं."
कोण बाळा?
"तुझ्या आधीचा. मी जेटीवर होते. खाडीत गावला."
या घरात हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.
हात धुऊन आली. "उद्या किती वाजता हाय ती सुनावणी? मी येतंय. मना विचारूदे त्यांना."