नर्मदाबाईंनी भाकरी थापण्यास हरकत नाही

धुळे,
१२ फेब्रुवारी १९९५

आदरणीय नाना यांना पुतणी विशाखाचा सप्रेम जय भीम.

काकूंचा गुडघा, बाबांचा खोकला आणि नव्या म्हशीचा स्वभाव कसा आहे ते कळवावे. पत्र नेहमीसारखं ओट्यावर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. पाकिटात घडी घातलेला एक फॉर्म आहे, तो मात्र तुम्ही एकट्यानं पाहावा. (सरकारी आहे, इंग्रजीत आहे, काकूंनी डोकं शिणवू नये.)

मागच्या गुरुवारी तुम्ही केळीची फणी घेऊन दवाखान्यात आलात आणि मी नेमकी चामडीच्या विभागात सापडले. रांगेतल्या चाळीस लोकांसमोर तुम्ही म्हणालात, "अवं पोरी, इतलं शिकीसन खरूजच देखनी व्हती का? ती ते मी बी देखी लेस!" (त्यावर एक म्हातारा खरोखरच तुमच्याकडे हात दाखवायला निघाला होता.) मग तुम्ही अर्धा चहा टाकून निघून गेलात. महिनाअखेर पुढच्या नेमणुकीसाठी मला एका विषयाचं नाव लिहून द्यायचं आहे. ते तुम्हाला दुखवून लिहिण्याची माझी छाती नाही, आणि दुसरं लिहिण्याची इच्छा नाही.

चोपड्याच्या स्टँडजवळ माझा बाळंतपणाचा दवाखाना तुम्ही मनात केव्हाच बांधला आहे. त्या वॉर्डात मी दोन महिने मनापासून राबले. पहिल्याच दिवशी यावलच्या कलाबाईंना "जोर लावा" म्हणता म्हणता मीच श्वास कोंडून असा जोर लावला की सिस्टर म्हणाल्या, "बाई, बाळ तिला होऊ द्या." सर्जरीत दोन तास एका माणसाचं पोट आकड्यानं ओढून धरलं. शेवटी सरांनी विचारलं, ही मुलगी कोण? मी नाव सांगण्याआधीच खाली बसले. (पेशंट बरा आहे.)

चामडीचा विभाग म्हणजे पंधरा दिवस आराम, असं मलाही वाटलं होतं. तिथे चट्टा बधिर आहे का हे पाहायला पेशंटला डोळे मिटायला लावून कापसाचा तंतू टेकवतात. पारोळ्याच्या मोतीलाल आबांनी डोळे उघडले, तंतू हातात घेतला, ओढून पाहिला आणि म्हणाले, "हाऊ कापूस कोनी दिधा तुमले? धागाच नई शे!" मग रांगेतल्या प्रत्येकानं तो कापूस पाहिला. आमचे सर येईपर्यंत तिथे कापसाची बाजारपेठ भरली होती.

पण नाना, मी विषय ठरवला तो नर्मदाबाईंमुळे. त्यांना महारोग होता. गोळ्या संपून वर्ष झालं, रोग गेला, तरी घरात त्यांचं ताट वेगळंच. अकरा वर्षं त्यांनी परातीला हात लावलेला नाही. त्या मला म्हणाल्या, "बाई, मी भाकरी थापू शकस, असं लिखी द्या." असा दाखला कुठल्या पुस्तकात नाही. मी लिहिला: 'नर्मदाबाई यांनी भाकरी थापण्यास हरकत नाही.' सरांनी चष्मा लावून दोनदा वाचला, खाली स्वतःच्या पेनानं 'मांडेसुद्धा' असं लिहिलं आणि शिक्का मारला. बाईंनी तो कागद पोलक्यात ठेवला आणि घाईनं बस पकडायला गेल्या. घरी जाऊन पीठ मळायचं होतं.

आपल्या घरात पहिली पदवी माझी. तिचा उपयोग असा एखादा कागद लिहायला झाला, तर ती वाया गेली असं म्हणू नका.

सर्वांना जय भीम. लहानांना गोड पापा.

तुमची,
विशाखा

(घडीतला कागद)

ता. क. हा फॉर्म नाही, हे कळलंच असेल. त्या गुरुवारी तुम्ही मला रागावत होतात तेव्हा बाही वर सरकली आणि उजव्या हातावर फिकट चट्टा दिसला. त्यावर माशी बसली. बराच वेळ बसली. नाना, तुम्ही जावयाचंही खपवून घेत नाही, माशीचं कसं घ्याल? ती तुम्हाला कळलीच नाही. तुम्ही मला भेटायला आला होतात की रांगेसाठी आलात आणि टेबलाशी मी निघाले, हे मी कधीच विचारणार नाही. तपासल्याशिवाय काही म्हणणारही नाही. असलंच तर आत्ता सुरुवात आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, आणि ताट सगळ्यांबरोबरच.

ता. क. २. येत्या मंगळवारी या. त्या दिवशी तपासायला सर एकटेच असतील, मी ग्रंथालयात जाऊन बसेन. घरी सांगा, पोरीला दटावून खरजेतून बाहेर काढायला चाललो. कोणी विचारलंच, तर तुम्ही फार रागावलात असंच मी सांगेन. थोडी रडलेसुद्धा, असं म्हणेन.