हाफ तिकिटाचं जेवण

हिंगोली,
४ जुलै २०२५

ती. आईस,
प्रियंकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. घरातला एकच फोन आबांच्या खिशात असतो, माझं नाव दिसलं की ते कट करतात. आणि चुकून तुझ्या हाती लागला तरी तुला फोनवरचं नीट ऐकू येत नाही. म्हणून वहीचं पान फाडून लिहायला बसले. जळबा जीपवाला हे तुझ्या हातात देईल. सोबत एक टोपली आहे. आधी तिचं झाकण उघड, मग पुढचं वाच.

उघडलंस? ती कुत्रीच आहे. मोठी झालेलीच आहे, याच्यापुढं वाढायची नाही. गेल्या आठवड्यात आमची एसटी वारंगा फाट्यावर चहाला थांबली, तेव्हा ही हॉटेलच्या कडेला बसली होती. कुणीतरी कारमधून आणून सोडून गेलं, असं चहावाला म्हणाला. पांढरी कार दिसली की उठून पळत मागं जायची आणि परत जागेवर येऊन बसायची. मला बघवेना. पिशवीत घालून गाडीत घेतलं. आमचे ड्रायव्हर देविदास आरशातून बघून म्हणाले, मॅडम, हिचं हाफ तिकीट फाडा. तेच नाव पडलं.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. गळ्यातला पट्टा रुतून जखम झाली होती, ती आता भरत आली आहे. बाकी आजार उपासमारीचा. एकदम पोटभर दिलं तर सोसणार नाही, थोडंथोडं करून दिवसातून चार वेळा द्यायचं. माझी ड्यूटी सकाळी सुरू होते ती दिवे लागल्यावर संपते, आणि खोलीत एकटी ठेवली की ही अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून तुझ्याकडं पाठवली.

मऊ भात दे, त्यात उकडलेलं अंडं कुस्करून. मीठ, तिखट, तेल काही नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, कुत्र्यांना ते विषासारखं असतं. दूध देऊ नकोस, पोट बिघडेल. पाणी कायम जवळ ठेव. आबांच्या गळ्यात माळ आहे, म्हणून अंडं घरात नको. गोठ्यामागं तीन दगड मांड आणि भांडं वेगळं ठेव.

आबांना काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तरी माझी हरकत नाही. जावयाला घेऊन आलीस तरच उंबरा चढ, ही त्यांची अट अजून तशीच असेल. माझंही उत्तर तेच आहे, सासरच्या घरात मार खायला मी परत जाणार नाही. तुमच्या दारात मला यायला मनाई आहे, या मुक्या जिवाला नसावी.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर करते. कळावे, तुझ्या मायेतला माझा वाटा राखून ठेव.

तुझी,
प्रियंका


साखरा, ता. सेनगाव,
१० जुलै २०२५

चि. प्रियंका हीस
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी टोपली पोचली. झाकण उघडलं तं मला वाटलं ससा हाय. शेजारची सुमनबाई म्हणे मांजर. मग ते शिंकलं, तवा समजलं. बाई, असं एवढंसं कुत्रं मी जन्मात पाह्यलं न्हाई. आपला मोत्या होता तो वासराएवढा होता.

तुझे आबा वावरातून आले अन् इचारलं, हे कुणाचं. मी खरं सांगितलं. त्यायनं हातपाय धुतले, जेवायला बसले, अन् मग म्हणाले, बरं झालं की तिचं तिला पाठवून दे. मी म्हणलं, बरं होईस्तोवर तं इथंच राहील, अन् बरं कधी झालं ते मी ठरवीन. त्यायनं मान खाली घालून भाकर खाल्ली.

आता रागावू नको, पण पहिल्या दिवशी मी तिला दूध पाजलं. दुधावाचून लेकरू अंग धरतंय व्हय, असं मला वाटलं. सगळी ओसरी खराब केली तिनं. धुता धुता माझी कंबर गेली. तवापासून तुझ्या पत्रात लिवलं तसंच बराबर करून राहिले. अंडं सुमनबाईच्या कोंबडीचं. सुमनबाई सोता आणून देते अन् रोज इचारते, तिकिटानं खाल्लं का.

खायचीच तं गंमत सांगते. कुणी बघत असलं की ती घासाला शिवत न्हाई. मी वाटी ठेवून समोर बसायची, ती माझ्याकडं बघत बसायची, अन् भात वाळून जायचा. मी तोंड फिरवलं, तांदूळ निवडायला घेतले, तरीबी तिला समजायचं की माझं ध्यान तिकडंच हाय. अन् परवा बघते तं ती वाटी तोंडात धरून ओढत ओढत नेऊन राहिली, थेट तुझ्या आबाच्या बाजंजवळ. तिथं बसून सगळं चाटून पुसून खाल्लं. तुझे आबा तिच्याकडं बघतच न्हाईत ना. म्हणून तिला त्यायच्याजवळ बरं वाटतं. आता चारी वेळा ती तिथंच जेवते. ते भिताडाकडं तोंड करून बसतात. उठत न्हाईत मात्र.

अंगावर जरा मांस चढलं. तुझं कसं हाय ते लिव. कपड्याची घडी करून ठेवत जा, अन् शिळं खाऊ नको. कळावं. आमच्यावर जीव असू दे, आमचा तुझ्यावर हाय.

तुझी आई,
द्वारकाबाई


हिंगोली,
१६ जुलै २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र देविदासभाऊंना वाचून दाखवलं. ते हसून हसून स्टेअरिंगवर पडले. गाडी उभी होती, काळजी करू नकोस. दूध पाजल्याबद्दल तुला दंड करायला पाहिजे, पण ओसरी धुतलीस त्यात तो वळता केला.

आता पावसाळ्याचं एक सांगते, ते नीट लक्षात ठेव. आपल्याकडं बैलं आहेत, म्हणजे गोचीड असणारच. रोज तिचे कान, बगला आणि पायाच्या बोटांमधली जागा बोटांनी चाचपून बघ. सापडलं तर चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढ. बैलांना लावायचं गोचिडाचं औषध हिला चुकूनही लावू नकोस. बैलाला जे सोसतं ते हिच्या एवढ्याशा जिवाला सोसायचं नाही. ओठ वर करून हिरड्या बघत जा. गुलाबी असल्या तर चांगलं, पांढऱ्या पडल्या तर थांबायचं नाही, सेनगावच्या दवाखान्यात न्यायचं.

एक बातमी आहे. सोमवारी ते माझ्या गाडीत चढले. तुझे जावई म्हणायचे ते. म्हणाले, झालं ते झालं, घरी चल. गाडी भरलेली होती, सगळे ऐकत होते. मी विचारलं, कुठं जायचं? ते म्हणाले, सेनगाव. मी मशीनमधून सेनगावचं तिकीट काढून दिलं आणि पुढच्या सीटकडं गेले. उतरताना त्यांनी मागं वळून बघितलं, मी घंटी दिली.

हे तू आबांना सांगावंस असं नाही, लपवावंस असंही नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
प्रियंका


साखरा,
३ ऑगस्ट २०२५

चि. प्रियंका हीस
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच. तिकीट लई आजारी हाय. जिवंत हाय, हे आधीच सांगते.

चार दिवस झड लागली होती. सगळी माणसं-जनावरं एका छपराखाली. मी रोज बघत होते, पण कानाच्या आतल्या घडीत एक गोचीड राहून गेलं. आधी तिनं सकाळचं खाल्लं न्हाई. मला वाटलं पावसाची कंटाळली असंल. दुपारी तुझ्या आबाच्या बाजंजवळ वाटी ठेवली, तिथंबी खाल्लं न्हाई. नुसतं तोंड टेकून पडली. तुझ्या आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं बघितलं. मला म्हणाले, हिचं काही खरं न्हाई. मी ओठ वर केला तं हिरड्या कागदासारख्या. अंग तव्यासारखं तापलेलं.

सुमनबाईचा दीर बैलाच्या औषधाची बाटली घेऊन आला. लावून टाकू म्हणे, एका घंट्यात गोचीड झडतंय. मी बाटली परत दिली. माझ्या लेकीनं नको म्हणून लिवलंय, म्हणलं. तो हसला. म्हणे, कंडक्टरला काय समजतंय. तुझे आबा तिथंच उभे होते. त्यायनं खुंटीवरचं घोंगडं काढलं, तिला त्यात गुंडाळलं अन् पायात चप्पल घातली.

वढ्याला पाणी होतं, म्हणून जीप गावात येत नव्हती. आमी दोघं पायी निघालो. पाणी मांडीपर्यंत लागलं. तुझ्या आबांनी घोंगडं डोक्यावर धरलं होतं, अन् मी त्यांचा सदरा धरून मागं. पलीकडं जळबा थांबला होता, त्यानं सेनगावला पोचवलं.

दवाखान्यात गाई-बकऱ्या घेऊन लई माणसं आली होती, आपल्या ओळखीची, सोयऱ्यातली. घोंगड्यातून हे एवढंसं निघालं तं सगळे बघू लागले. डॉक्टरानं हात लावून पाह्यलं अन् इचारलं, "कुत्रं कुणाचं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझे आबा बोलले.

"प्रियंका उकंडराव वाबळे. माझी लेक हाय. एस्टीत कंडक्टर हाय."

मला कमी ऐकू येतं, पण हे मला ऐकू आलं. साऱ्या दवाखान्याला ऐकू आलं.

गोचीड ताप म्हणाले डॉक्टर. रक्त कमी झालंय. एवढ्याशा पायात सुई घातली, सलाईन लावली. तुझे आबा तो पाय धरून उभे राहिले. मी म्हणलं, मी धरते, तुमी बसा. तं न्हाई म्हणाले, तू हलवशील. गोळ्या दिल्यात, महिनाभर चालू ठेवायच्या. खाल्लं तं वाचंल, म्हणाले. अजून तिनं खाल्लं न्हाई. नुसतं पाणी चाटलं.

पुढचं काय करायचं ते लिव. कळावं. जीव घट्ट ठेव, आमचा घट्ट हाय.

तुझी आई


हिंगोली,
४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र स्टँडवरच वाचलं. जळबा थांबला आहे, म्हणून चारच ओळी लिहिते.

जबरदस्तीनं तोंडात कोंबू नका, ठसका लागेल. भाताची पेज कोमट करा, गरम वासानं भूक उघडते. बोटाला लावून ओठाला पुसा. चाटलं तर परत लावा. एवढंच, पण थोड्या थोड्या वेळानं करत राहा. गोळी रिकाम्या पोटी नको, पेज पोटात गेली की मग द्या, आणि वरून पाणी पाजा. उलटी झाली तर डॉक्टरांना विचारा. अंग कोरडं ठेवा.

ती वाचेल, आई. फाट्यावर त्या गाड्यांमध्ये तगली, ती तुमच्याजवळ असताना कशी जाईल? मी येऊ का, असं विचारत नाही. तिथले हात पुरेसे आहेत, हे मला पत्रातून दिसलं.

दवाखान्यात आबांनी सांगितलेलं ते माझं माहेरचं नाव मी सारखं वाचते आहे. त्यांना हे सांग किंवा सांगू नकोस.

तुझी,
प्रियंका


साखरा,
१७ ऑगस्ट २०२५

चि. प्रियंका हीस
उकंडरावचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी आई म्हणाली, या बारीला तुमी लिवा. मला पत्राची सवय न्हाई. तकलीफ होईल वाचायला, पण वाच.

कुत्री बरी हाय. तू लिवल्यावरून पेज बोटाला लावून चाटवली. तुझ्या आईचा हात चाटंना, म्हणून मी लावली. मी भिताडाकडं बघत बसलो अन् हात मागं केला. लई येळानं बोटाला जीभ लागली. मी हाललो न्हाई. मग सगळी वाटी संपंस्तोवर तसंच बसलो. मान आखडली. दुसऱ्या दिवशी भात खाल्ला. डॉक्टरानं रक्त परत तपासलं, सुधारलं म्हणाले. गोळ्या चालू हायत, त्या मी देतो, तुझी आई इसरते. कान, बगला, बोटं रोज मी बघतो.

अंडंबी मीच उकडून राहिलो. तुझ्या आईला गोठ्यामागं चिखलात वाकता येत न्हाई. गरम अंडं तसंच थंड पाण्यात टाकलं की साल सोपी निघते. मग मी आंघोळ करून माळ डोळ्याला लावतो. पांडुरंगाला हे समजत असंल असं मी धरून चाललो.

आता दुसरं. जावई येऊन गेले. पोरीला समजावून धाडा म्हणाले. मी म्हणलो, तिला इचारलं का. ते म्हणाले, इचारलं, तं तिनं तिकीट दिलं. तुझ्या आईनं मला ते आधीच सांगितलं होतं. मी म्हणलो, मग तिचं उत्तर तेच माझं उत्तर. त्यायनं आवाज चढवला. तिकीट माझ्या पायाजवळ होती, ती बाजंखाली घुसली अन् थरथर कापाया लागली. एवढं बरं झालेलं जनावर. मी ते बघत राह्यलो. मग त्यांना म्हणलो, "या घरात आवाज चढवायचा न्हाई. अन् पुन्हा तिच्या गाडीतबी चढायचं न्हाई." चहा न घेता गेले.

मी बाजंखाली हात घातला तं ती आपून होऊन आली. तुझी आई दारात उभी होती. तिला म्हणलो, पोरीला पत्र धाडायचंय. ती म्हणाली, तुमीच लिवा.

शुक्रवारी पोळा हाय. बैलांचं मी करीन, पुरणाचं तुझी आई करील. तिकिटाला पुरण द्यायचं न्हाई, हे साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं. तुझी ड्यूटी कशी हाय मला म्हाईत न्हाई. सुटी मिळत असंल तं ये. एकटी ये. मुक्कामाला ये. जळबाला सांगून ठेवलंय, तो सेनगावच्या स्टँडवर उभा राहील. मीबी त्याच्यासंगं येईन.

कुत्री न्यायची म्हणून घाईनं येऊ नको. तिची गोळी अजून हाय, अन् तुझ्या खोलीत ती एकटी जेवायची न्हाई. न्यायची का ठेवायची ते मागून बघू. तू जेवायला ये.

कळावं. लोभ असू द्यावा असं लेकरं मोठ्या माणसाला लिवत असतात. आज मी तो तुझ्याकडं मागून राहिलो.

तुझा बाप,
उकंडराव