उलट्या बरणीतला मस्का

६ मार्च
आज पुन्हा पाव फाटला. फ्रिजमधला मस्का म्हणजे साबणाची वडी. सुमन डाव्या हाताने सुरी दाबते, पाव ताटलीभर पळतो. उजवा हात मांडीवर, मूठ मिटलेली. अर्धांगाचा झटका येऊन गेला त्याला आता बरेच दिवस झाले, पाय सुधारला, बोलणं सुधारलं, बोटं उघडत नाहीत.
म्हटलं, "आण, मी लावतो." तर असं काही बघितलं माझ्याकडे की हात मागे घेतला. लग्न झाल्यापासून माझ्या पावाला मस्का तिनेच लावलाय. वाडीतला चाफा खुडणं दिलं, फुलांच्या पुड्या बांधणं दिलं, स्वयंपाकघर माझ्यासारख्या आडमुठ्याच्या ताब्यात दिलं. हे एवढं मात्र देत नाही.
शेवटी दोघांनी चुरा चमच्याने खाल्ला. छान लागतो, म्हणालो. तिला काय, कळतंच.

९ मार्च
मस्का बाहेर ठेवून पाहिला. दुपारपर्यंत निम्म्याचं तेल, उरलेल्यात मुंग्या. आमच्या निर्मळ गावच्या मुंग्यांना आमंत्रण लागत नाही.
संध्याकाळी मुग्धाचा बंगळुरूहून फोन. लेकीला सगळं सांगितलं. "बाबा, एक वस्तू पाठवते. तोवर काही उद्योग करू नकोस." मी कधी उद्योग केलेत?

१४ मार्च
वस्तू आली. चिनी मातीची बरणी, आणि झाकणाला आतून एक वाटी जोडलेली. वाटीत मस्का ठासून भरायचा, बरणीत थोडं पाणी घालायचं आणि झाकण लावायचं. म्हणजे वाटी उपडी, मस्क्याचं तोंड पाण्यात. शिवाय ओट्यावरच ठेवायची, फ्रिजमध्ये नाही!
पोरीला कोणीतरी गंडवलं. मस्का उलटा टांगल्यावर पडणार नाही तर काय करणार.
सुमनने बरणी मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिली. "निळी... छान आहे." भरली एकदाची.

१५ मार्च
नाही पडला!!
जिथल्या तिथे. मऊ, पण पाघळलेला नाही. वास ताजा. पाणी खालून हवा अडवतं, मुंग्याही अडवतं. ना वीज, ना बटण. ज्याने कोणी हे काढलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.
पाव मी धरून ठेवला. सुमनने सुरी टेकवली आणि मस्का नुसता सरकत गेला, कडेपर्यंत. आधी माझा पाव, मग तिचा. मी तीन खाल्ले. डॉ. ना सांगायचं नाही.

२४ मार्च
आता हात बसलाय. वाटी अगदी कोरडी पुसायची. चमच्याच्या पाठीने थोडा थोडा दाबत भरायचा, मध्ये हवा राहिली की संपलं. पाणी रोज बदलायचं. मस्का खाराच हवा. घरचं सायीचं लोणी घालून पाहिलं, लगेच आंबलं. सुमनने नाक मुरडलं. पूर्वीसारखं, अगदी तस्संच.
रोज सकाळी झाकण उचलताना अजून मजा वाटते. या वयात.

२ एप्रिल
आक्का, माझी थोरली बहीण, सांडोरहून राहायला आली, सुमनच्या मदतीला. मी बाजारातून येतो तो घरभर खमंग वास. बरणी घासून पालथी.
"अरे, लोणी बाहेर पाण्यात बुडालेलं! फुकट गेलं असतं. कढवलं मी."
खाऱ्या मस्क्याचं तूप. भातावर घेतलं तर समुद्राचं पाणी. आक्काने तोंड वाकडं केलं, तरी म्हणते कशी, "मला चालतं." ते ऐकून सुमन हसायला लागली. आजारापासून हसताना तोंडावर पदर धरायची, ओठ एका बाजूला जातो म्हणून. आज विसरली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आक्काला माफ.

३ एप्रिल
सकाळी आक्काने सुरी उचलली. "तू बस गं, मी लावते."
सुमन, एकेक शब्द सुटा करून: "आक्का, ते माझं आहे."
"मग मी आले कशाला?"
"भांडी घासा."
मी पेपरात तोंड घातलं. भांडी घासली आक्काने, आदळआपट करत. नंतर मला मोरीपाशी हळूच, "कणखर आहे रे तुझी बायको." हे मला आज कळतंय का?

२८ एप्रिल
उकाडा असह्य. सकाळी झाकण उचललं तर डुबुक! मस्का सगळा पाण्यात.
सुमनने पाहिलं. सुरी खाली ठेवली. "आता तुम्हीच लावत जा." चिडून नाही, साध्या आवाजात. तेच लागलं मला. बरणीवर राग, उन्हावर राग.
मी कोरडा पाव खाल्ला. लावत नाही जा. हट्ट काय तिलाच येतो?

३० एप्रिल
बरणीला ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. देशावर चाललं असतं, इथे हवेलाच घाम सुटलाय. पुन्हा डुबुक. सलग कोरडा पाव. घशाखाली उतरत नाही, पण माघार नाही.

३ मे
जमलं! वाटी भरायचीच नाही, पातळ थर लावायचा, दोन दिवसांपुरता. पाणी माठातलं, दिवसातून दोन-तीनदा बदलायचं. दुपारच्या कडक उन्हातही टिकला. सुमनपुढे बरणी नेऊन ठेवली. तिने बघितलं, सुरी मागितली. "वाळलात," म्हणाली.
आयुष्यात कोणाला मस्का लावला नाही. हिच्यापुढे मात्र रोज लोटांगण घालायची तयारी आहे.

९ मे
नेहमीसारखा पाव धरायला हात पुढे केला.
"काढा हात."
काढला. तिने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि मूठ पावावर ठेवली. ओझं ठेवावं तशी. मग सुरी घेतली. पाव हलला. मी जागचा हललो नाही, कसा ते माझं मला माहीत. पुन्हा फिरवली. या वेळी पाव थांबला.
अर्ध्या पावाला मस्का, अर्धा तिच्या बोटांना. तसाच खाल्ला. एवढा चांगला पाव मी आजवर खाल्लेला नाही, आणि हे खोटं नाही.
मूठ उचलताना करंगळी जरा सुटल्यासारखी दिसली. की मस्क्याने घसरली? विचारणार होतो. ती तोवर दुसरा पाव घेऊन बसली होती.